पराभवाचे क्षालन की पराभवाचे वाचन? : मिक्स्ड मार्शल आर्ट्समधील पुनरागमनाच्या कथनाची चिकित्सा

सारांश

मिक्स्ड मार्शल आर्ट्स या क्रीडाप्रकारात पराभूत लढवय्याचे पुनरागमन बहुधा उद्धाराच्या किंवा कलंकमुक्तीच्या कथेत बसवून सादर केले जाते. ही कथा प्रभावी असली तरी ती पराभवाचे खरे स्वरूप झाकून टाकते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. जॉर्ज सेंट पिएर, मायकेल बिस्पिंग, राँडा राउझी आणि अमांडा नुनेस यांच्या निवडक लढतींचा येथे विचार केला आहे. पुनरागमन म्हणजे पराभवाचे क्षालन नसून पराभवाचे वाचन असते आणि जेथे हे वाचन घडत नाही तेथे कथेची किंमत लढवय्याच्या शरीराला मोजावी लागते, हे दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : पराभव, पुनरागमन, कथन, शरणागती, क्रीडासमीक्षा.

१. प्रस्तावना

क्रीडेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते. परंतु क्रीडेच्या कथनाची समीक्षा त्या मानाने कमी होते. सामना एकदाच खेळला जातो, पण वृत्तांत, मुलाखती, प्रचारफिती आणि आत्मकथने यांमधून तो पुन्हा पुन्हा सांगितला जातो. या सांगण्याचे काही ठरावीक साचे असतात. त्यांतील सर्वांत लोकप्रिय साचा पराभवानंतरच्या पुनरागमनाचा होय. नायक पडतो, एकांतात जातो, तप करतो, परत येतो आणि जिंकतो. आपल्या पुराणकथांपासून चित्रपटांपर्यंत हा साचा इतका परिचित आहे की तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

प्रस्तुत लेखात हा साचा मिक्स्ड मार्शल आर्ट्स, संक्षेपाने एमएमए, या क्रीडाप्रकाराच्या संदर्भात तपासला आहे. या निवडीमागे कारण आहे. क्रिकेटमधील पराभव अकरा जणांत वाटला जातो, टेनिसमधील पराभवानंतर पुढच्याच आठवड्यात दुसरी स्पर्धा असते. एमएमएमधील अग्रगण्य लढवय्या मात्र वर्षातून दोन-तीन वेळाच लढतो. त्यामुळे एका पराभवाबरोबर त्याला महिनोन्महिने राहावे लागते. शिवाय हा पराभव गुणफलकापुरता उरत नाही, तो शरीरावर घडतो. पराभवाचा अर्थ लावणे ही येथे केवळ वाङ्मयीन बाब नसून आरोग्याची आणि प्रसंगी आयुष्याची बाब ठरते.

अमेरिकेतील अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजेच यूएफसी, या संस्थेचा पहिला कार्यक्रम १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झाला. आरंभी या लढतींना नियम फारच थोडे होते. पुढे वजनगट, पाच मिनिटांच्या फेऱ्या, निषिद्ध आघात आणि परीक्षकांचे गुण यांची चौकट तयार झाली. सामान्य लढत तीन फेऱ्यांची, तर विजेतेपदाची लढत पाच फेऱ्यांची असते. ठोसेबाजी, लाथा, कुस्ती आणि सांध्यांच्या व गळ्याच्या पकडी या सर्वांना येथे वाव आहे.

२. शब्दांचा प्रश्न

या क्षेत्रातील इंग्रजी समालोचनात 'रिडेम्प्शन' हा शब्द सातत्याने येतो. त्याचा मूळ अर्थ मोल देऊन परत सोडविणे असा आहे. गहाण पडलेली वस्तू सोडविणे हा त्याचा व्यावहारिक अर्थ आणि पापातून मुक्ती हा त्याचा धार्मिक अर्थ. मराठी क्रीडापृष्ठांवरील शब्दही याच दोन कुळांतले आहेत. 'परतफेड', 'सव्याज परतफेड' आणि 'उट्टे काढणे' हे देण्याघेण्याच्या कुळातले. 'कलंक पुसणे' आणि 'डाग धुऊन काढणे' हे क्षालनाच्या कुळातले. म्हणजे आपण पराभवाकडे एक तर कर्ज म्हणून पाहतो किंवा पाप म्हणून.

ही दोन्ही रूपके तपासली असता अपुरी ठरतात. विजेतेपदाचा पट्टा गहाण पडतो आणि सोडविताही येतो, हे खरे. परंतु अपराजितपण एकदा गेले की कोणत्याही मोलाने परत मिळत नाही. लढवय्याच्या नावापुढे विजय आणि पराभव यांची संख्या कायम लिहिली जाते आणि नंतरचा कोणताही विजय त्यातील पराभवाचा आकडा कमी करीत नाही. दुसरे असे की, पराभव हे पाप नव्हे. प्रतिस्पर्ध्याने अधिक चांगला डाव टाकला एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पापाची भाषा वापरताच प्रतिस्पर्धी कथेतून नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ नायक व त्याचा डाग. या अनुपस्थितीचे परिणाम पुढे पाहू.

३. पराभवाचे तीन प्रकार

मराठी वाचकाच्या मनात कुस्तीचा पराभव पक्का ठसलेला असतो. पाठीला माती लागली की कुस्ती निकाली झाली, अशी आपली धारणा आहे. एमएमएमध्ये हे चिन्ह लागू पडत नाही. १६ डिसेंबर १९९४ रोजी यूएफसीच्या चौथ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत ब्राझीलचा रॉइस ग्रेसी आपल्यापेक्षा कितीतरी वजनदार कुस्तीगीर डॅन सेव्हर्न याच्याखाली पंधरा मिनिटांहून अधिक काळ जवळजवळ पाठीवरच होता आणि शेवटी त्याच स्थितीतून पायांचा विळखा गळ्याभोवती घालून त्याने लढत जिंकली. पाठीवर असणे म्हणजे हरणे नव्हे, ही या खेळाने कुस्तीच्या परंपरेला दिलेली दुरुस्ती होय.

मग येथे पराभवाचे चिन्ह कोणते? स्थूलमानाने तीन सांगता येतात. पहिले शरणागतीचे. पकड असह्य झाली की लढवय्या हाताने थोपटून हार कबूल करतो. यालाच 'टॅप' म्हणतात. दुसरे आघाताचे. लढवय्या शुद्ध हरपतो किंवा स्वसंरक्षण करू शकत नाही, म्हणून पंच लढत थांबवितो. तिसरे निर्णयाचे. सर्व फेऱ्या संपल्यावर तीन परीक्षकांचे गुण निकाल देतात.

हे वर्गीकरण नियमपुस्तिकेपुरते महत्त्वाचे नाही. त्यातून पराभव वाचण्याची शक्यता ठरते. शरणागतीत लढवय्या शुद्धीवर असतो. कोणत्या क्षणी आपण चुकलो आणि कोणत्या क्षणी हात थोपटला, हे त्याला आठवते. तो आपल्या पराभवाचा साक्षीदार असतो, एवढेच नव्हे तर त्या पराभवावर शेवटची सही त्याचीच असते. आघाताने शुद्ध हरपली असता मात्र नेमका निर्णायक क्षण त्याच्या स्मृतीत नसण्याचा संभव असतो. आपला पराभव त्याला चित्रफितीतून, म्हणजे परक्याच्या नजरेतून, पाहावा लागतो. निर्णयाने झालेल्या पराभवात वाद परीक्षकांशी घालता येतो, त्यामुळे स्वतःशी घालावयाचा वाद टाळण्याचा मोह होतो. हा कठोर नियम नव्हे. तथापि पुढील उदाहरणे समजून घेण्यास हा भेद उपयोगी पडतो.

४. सेंट पिएर : दोन पराभव, दोन वाचने

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील जॉर्ज सेंट पिएर याच्या कारकिर्दीत २६ विजय आणि दोन पराभव आहेत. पुनरागमनाचा आदर्श म्हणून त्याचे नाव नेहमी घेतले जाते. हे दोन पराभव वेगवेगळे वाचले पाहिजेत.

पहिला पराभव २२ ऑक्टोबर २००४ रोजी अटलांटिक सिटी येथे झाला. वेल्टरवेट गटाच्या रिक्त विजेतेपदासाठी २३ वर्षांचा पिएर मॅट ह्यूजसमोर उभा होता. ह्यूज हा त्याचा आदर्श होता आणि लढतीपूर्वी आपण त्याच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही, असे पिएरने नंतर सांगितले आहे. पहिल्या फेरीचा एक सेकंद उरला असताना ह्यूजने त्याच्या हाताला आर्मबार, म्हणजे कोपराचा सांधा उलट ताणणारी पकड, घातली आणि पिएरने हात थोपटला. या पराभवात तंत्राची चूक होती. पण त्याआधी भक्तिभावाची चूक होती. १८ नोव्हेंबर २००६ रोजी त्याने ह्यूजला दुसऱ्या फेरीत पराभूत करून विजेतेपद मिळविले, तेव्हा ही दुसरी चूक त्याने दुरुस्त केली होती.

दुसरा पराभव ७ एप्रिल २००७ रोजी ह्यूस्टन येथे झाला आणि तो अधिक बोलका आहे. प्रतिस्पर्धी मॅट सेरा हा जुजुत्सूचा जाणकार. त्याला कोणीही गंभीर दावेदार मानत नव्हते. यूएफसीच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या २००६ मधील चौथ्या पर्वातून तो या लढतीपर्यंत पोहोचला होता आणि त्या पर्वाचे नावच 'द कमबॅक' असे होते. संस्थेत पूर्वी लढलेल्या, पण विजेतेपद न मिळालेल्या लढवय्यांना दुसरी संधी द्यावयाची आणि अंतिम विजेत्याला थेट विजेतेपदाची लढत द्यावयाची, अशी त्याची रचना होती. पुनरागमनाची कथा येथे आधीच एक उत्पादन बनली होती, ही बाब दुर्लक्षणीय नाही. त्या उत्पादनातून बाहेर पडलेल्या सेराने पिएरला पकडीने नव्हे, तर ठोशांनी, पहिल्याच फेरीत ३ मिनिटे २५ सेकंदांत हरविले. पहिल्या जबर ठोशाने तोल गेल्यावर पिएर अंतर राखण्याऐवजी उभ्यानेच ठोसेबाजीत अडकत गेला.

या पराभवानंतर पिएरने प्रारंभी तयारीतील अडचणी आणि घरगुती चिंता यांचा उल्लेख केला. सेराने त्याला सबबी म्हटले. पुढे पिएरने दोष स्वतःकडे घेतला. एका क्रीडामानसतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून आपण सेराचे नाव लिहिलेली वीट जवळ बाळगली आणि अखेर ती नदीत फेकून दिली, ही हकीकत त्याने सांगितली आहे. प्रचाराच्या भाषेला ही वीट फार आवडते, कारण ती विसर्जनासारखी, क्षालनाच्या विधीसारखी दिसते. परंतु पिएरने खरे काय बदलले, हे विटेत नव्हे तर पुढील तीन लढतींत दिसते.

२५ ऑगस्ट २००७ रोजी त्याने अमेरिकेच्या महाविद्यालयीन कुस्तीतील माजी राष्ट्रीय विजेत्या जॉश कॉशेकला कुस्तीतच मागे टाकले. २९ डिसेंबर २००७ रोजी ह्यूजविरुद्धच्या तिसऱ्या लढतीत त्याने हंगामी विजेतेपद मिळविले, आणि तेही आर्मबारने. २००४ मध्ये ज्या पकडीपुढे त्याने हार कबूल केली होती, तीच पकड आता त्याच्या हाती होती. १९ एप्रिल २००८ रोजी मॉन्ट्रियल येथे, कॅनडातील यूएफसीच्या पहिल्याच कार्यक्रमात, तो सेरासमोर पुन्हा उभा राहिला. प्रेक्षकांना सूड हवा होता. पिएरने आरंभीच सेराला खाली पाडले, उभ्याने ठोसेबाजी होऊ दिली नाही आणि दुसऱ्या फेरीचे १५ सेकंद उरले असताना गुडघ्यांच्या आघातांनी लढत संपविली. त्या लढतीत रोष जवळजवळ नव्हता. होती ती एका वर्षापूर्वीच्या साडेतीन मिनिटांवरची सविस्तर टीका.

या वाचनाचीही किंमत होती आणि ती सहसा सांगितली जात नाही. पुन्हा विजेता झाल्यावर पिएरने २०१३ पर्यंत नऊ वेळा विजेतेपद राखले. त्या नऊपैकी आठ लढतींचा निकाल परीक्षकांच्या गुणांवर लागला. तो फार सावध झाला, फार सुरक्षित लढतो, अशी तक्रार प्रेक्षक करू लागले. ही तक्रार चुकीची नव्हती. पण ज्याने आपला पराभव नीट वाचला आहे तो तसा प्रसंग पुन्हा येऊ देत नाही. उद्धाराच्या कथेला ज्वाला हवी असते, वाचनातून मात्र बहुधा सावधपणा निपजतो. प्रेक्षकांनी त्याच्या पुनरागमनावर प्रेम केले आणि त्या पुनरागमनाच्या फलितावर कंटाळा व्यक्त केला, हा विरोधाभास कथनाच्या अभ्यासकाने नोंदविण्याजोगा आहे.

५. बिस्पिंग : विजय मिळाला, पराभव उरला

११ जुलै २००९ रोजी लास व्हेगास येथे पिएरने आपले विजेतेपद राखले, त्याच कार्यक्रमात इंग्लंडचा मायकेल बिस्पिंग हा डॅन हेंडरसनच्या उजव्या ठोशाने बेशुद्ध पडला. तो पडल्यावरही हेंडरसनने वरून आणखी एक आघात केला. ते दृश्य पुढे अनेक वर्षे या खेळाच्या चित्रफितींत फिरत राहिले. बिस्पिंगचा पराभव असा सार्वजनिक मालमत्ता झाला. स्वतः त्याच्याखेरीज तो सर्वांच्या स्मृतीत होता.

जानेवारी २०१३ मध्ये साओ पावलो येथे व्हिटोर बेलफोर्टकडून हरल्यानंतर त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. शस्त्रक्रिया होऊनही त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. नेत्रतपासणीतून निसटण्यासाठी आपण युक्त्या केल्या, हे त्याने निवृत्तीनंतर उघडपणे सांगितले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनी येथे ल्यूक रॉकहोल्डने गळ्याभोवतीच्या विळख्याने त्याला शरण आणले. पुढे ४ जून २०१६ रोजी, दुसरा लढवय्या जायबंदी झाल्यामुळे केवळ १७ दिवसांच्या पूर्वसूचनेवर, तो पुन्हा रॉकहोल्डसमोर आला आणि पहिल्याच फेरीत डाव्या ठोशाने त्याला पाडून ३७ व्या वर्षी मिडलवेट विजेता झाला. यूएफसीचा तो पहिला ब्रिटिश विजेता होय.

पुनरागमनाची कथा म्हणून यापेक्षा सुडौल काही कल्पिता येणार नाही. आणि म्हणूनच येथे थांबून विचार केला पाहिजे. विजेता झाल्यावर त्याने पहिला प्रतिस्पर्धी घेतला तो ४६ वर्षांचा हेंडरसन. क्रमवारीच्या निकषावर या लढतीचे समर्थन करणे कठीण होते, परतफेडीच्या कथेच्या निकषावर मात्र ती अटळ होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये मँचेस्टर येथे, अमेरिकेतील प्रेक्षकांच्या सोयीसाठी स्थानिक पहाटे, ही लढत झाली. बिस्पिंगला परीक्षकांनी एकमताने विजयी ठरविले. परंतु त्या लढतीत पहिल्या दोन्ही फेऱ्यांत हेंडरसनच्या त्याच उजव्या हाताने बिस्पिंगला जमिनीवर आणले होते आणि निकालाविषयी जाणकारांत मतभेद राहिले. सात वर्षांपूर्वीचे वाक्य शरीराने पुन्हा दोनदा उच्चारले. फरक एवढाच की या वेळी तो उठला. उठणे ही थोर गोष्ट आहे, याविषयी दुमत नाही. पण उठणे म्हणजे वाचणे नव्हे. नोंदवहीत परतफेड झाली, मूळ प्रश्न तसाच राहिला.

त्यानंतरच्या घटना कथेच्या चौकटीबाहेरच्या आहेत, म्हणून त्या कमी सांगितल्या जातात. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे चार वर्षांच्या खंडानंतर परतलेल्या सेंट पिएरने बिस्पिंगला आधी ठोशाने पाडले आणि मग मागून गळ्याला विळखा घातला. बिस्पिंगने हात थोपटला नाही, तो बेशुद्ध झाला. केवळ २१ दिवसांनी, २५ नोव्हेंबर रोजी, शांघाय येथे तो केल्विन गॅस्टेलमसमोर उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत ठोशाने पडला. पुढे शाबूत डोळ्यातही तक्रार जाणवू लागली आणि २०१८ मध्ये त्याने निवृत्ती घेतली.

प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने या एकवीस दिवसांत सर्वाधिक अर्थ साठलेला आहे. पराभव हा डाग मानला की तो शक्य तितक्या लवकर धुवावासा वाटतो. पिएरने सेरासमोर पुन्हा उभे राहण्यापूर्वी एक वर्ष घेतले. त्यातील काही काळ सेराच्या दुखापतीमुळे आपोआप मिळाला, हेही मान्य केले पाहिजे. बिस्पिंगने तीन आठवडे घेतले. त्याच्या धैर्यावर शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यावयाची ती अशा कथेवर, जिच्यात थांबणे हे भ्याडपणासारखे दिसते.

६. राउझी आणि नुनेस : कथेतून वगळलेला प्रतिस्पर्धी

राँडा राउझी ही २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील ज्युडोची कांस्यपदकविजेती आणि यूएफसीची पहिली महिला विजेती. बारा लढतींत अपराजित राहिल्यावर नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्न येथे ५६ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर हॉली होमच्या लाथेने ती दुसऱ्या फेरीत पराभूत झाली. त्यानंतर काही महिन्यांनी दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत, पराभवानंतरच्या क्षणी आपल्या मनात जीवन संपविण्याचे विचार आले होते, असे तिने सांगितले. अपराजितपण हीच जिची ओळख बनविली गेली होती, तिच्याजवळ पराभवाकडे पाहण्यासाठी जागाच उरली नव्हती.

३० डिसेंबर २०१६ रोजी ती परतली. तोपर्यंत विजेतेपद ब्राझीलच्या अमांडा नुनेसकडे आले होते. परंतु प्रचारमोहिमेचा भर 'ती परत आली आहे' या अर्थाच्या एका घोषवाक्यावर होता. 'ती' म्हणजे राउझी. प्रत्यक्ष विजेती जणू या कथेतील उपकरण होती. राउझीचे प्रशिक्षक तेच राहिले, पत्रकारांशी बोलणे टाळले गेले आणि उभ्याने ठोसेबाजी करण्याची मेलबर्नमधील चूक तशीच राहिली. लढत ४८ सेकंदांत संपली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाच्या निमित्ताने तिने मेंदूला वारंवार बसलेल्या धक्क्यांचा आपला जुना इतिहास उघड केला. उद्धाराच्या कथेत ज्याला स्थान नव्हते ते वैद्यकीय सत्य अशा रीतीने सात वर्षांनी प्रकट झाले.

याच नुनेसचे पुढील उदाहरण तुलनेसाठी महत्त्वाचे आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी जुलियाना पेन्याने तिला दुसऱ्या फेरीत गळ्याच्या विळख्याने शरण आणले. नुनेसने हात थोपटला, म्हणजे तिला आपला पराभव पूर्ण आठवत होता. त्यानंतर तिने दीर्घकाळची तालीम सोडून स्वतःची तालीम उभारली. ३० जुलै २०२२ रोजी डॅलस येथील दुसऱ्या लढतीत ती डावखुऱ्या पवित्र्यात उभी राहिली. पुढे घुसण्याची सवय असलेली पेन्या या बदललेल्या पवित्र्यासमोर सापडत गेली आणि दुसऱ्या फेरीत तीन वेळा जमिनीवर आली. पाच फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांनी नुनेसला एकही फेरी न गमावता विजयी ठरविले. येथे प्रतिस्पर्धी कथेतून वगळलेली नाही. उलट पवित्र्यातील प्रत्येक बदल पेन्याकडे पाहून केलेला आहे. पराभव वाचणे म्हणजे अखेरीस ज्याने आपल्याला हरविले त्याला वाचणे होय.

७. एक आक्षेप

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. यशस्वी पुनरागमनाला 'वाचन' आणि अयशस्वी पुनरागमनाला 'वाचनाचा अभाव' म्हणणे म्हणजे निकाल लागल्यावर कारण जोडणे नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. ब्रिटनच्या लिऑन एडवर्ड्सचे उदाहरण या संदर्भात घेता येईल. डिसेंबर २०१५ मध्ये तो कमारू उस्मानकडून गुणांवर हरला. २० ऑगस्ट २०२२ रोजी सॉल्ट लेक सिटी येथे तो पुन्हा गुणांवर हरण्याच्या मार्गावर होता. शेवटच्या फेरीचे ५६ सेकंद उरले असताना त्याची लाथ उस्मानच्या मस्तकावर बसली आणि तो विजेता झाला. ही लाथ बसली नसती, तर याच लढतीला पराभवाची पुनरावृत्ती म्हटले गेले असते.

म्हणून निकाल हा वाचनाचा पुरावा मानता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पुरावा शोधावयाचा तो लढतीच्या आत, म्हणजे पवित्रा, अंतर, काळ, सहकारी आणि सवयी यांत काय बदलले यात. या निकषावर मँचेस्टर येथील बिस्पिंगचा विजय अपुरा ठरतो. आणि उस्मानविरुद्धची एडवर्ड्सची तिसरी लढत, जी त्याने मार्च २०२३ मध्ये लंडन येथे पाच फेऱ्यांअखेर गुणांवर जिंकली, ती आधीच्या नाट्यमय लाथेपेक्षा अधिक मोलाची ठरते. नुनेस जर डॅलसमध्ये हरली असती, तरी तिचा बदललेला पवित्रा हे वाचनच राहिले असते. उद्धाराच्या कथेत मात्र हरलेल्या वाचकाला स्थान नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, पराभव पुसला जात नाही. सेंट पिएरच्या नावापुढील दोन हा आकडा आजही तेथे आहे आणि त्याच्या कारकिर्दीचे मर्म त्या दोनमध्येच आहे. दुसरी, कर्जाच्या आणि कलंकाच्या रूपकांमुळे घाई निर्माण होते, प्रतिस्पर्धी अदृश्य होतो आणि शरीराकडे दुर्लक्ष होते. तिसरी, ज्याला आपण पुनरागमन म्हणतो ते घडत असते तेव्हा पाहण्यासारखे फारसे नसते. ते तालमीत, रटाळ पुनरावृत्तीत आणि स्वतःच्या चुकीची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहण्यात घडते. पिंजऱ्यात दिसतो तो केवळ त्याचा निष्कर्ष.

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांना दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु अनुत्तीर्ण होऊन पुन्हा परीक्षेस बसणारा विद्यार्थी दर वर्षी आपल्यासमोर असतो. आपणही त्याला 'डाग धुऊन काढ' असेच सांगतो. त्याची जुनी उत्तरपत्रिका त्याच्यासमोर ठेवून 'येथे काय झाले ते वाच' असे क्वचित सांगतो. पहिल्या वाक्यात लाज गृहीत धरलेली आहे, दुसऱ्यात नाही. हरलेल्या माणसाशी कोणत्या शब्दांत बोलावे हा प्रश्न अष्टकोनी पिंजऱ्यापुरता मर्यादित नाही, आणि त्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी भाषेच्या अध्यापकांवर इतरांहून अधिक आहे.